ठिणगीबाईंची लाल बाटली

कचेरीत आल्यावर ठिणगीबाई प्रथम खुर्ची ओढून बसत, मग बोलत. "उभं ऱ्हाऊन मागतेत ती भीक," असे त्यांचे म्हणणे. इतर सारे अर्जदार आवक लिपिकाच्या टेबलापुढे उभे असत.

बाई पूर्णेच्या गाडीने येत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. त्यांच्या वस्तीच्या विहिरीत कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे पाणी झिरपले होते आणि विहीर लाल झाली होती. रंग काढणे अशक्य आहे, असे कारखान्याचे उत्तर होते. कारखान्याने आपले पाणी स्वतःच्या दारातच शुद्ध करावे, असा अर्ज बाईंना हवा होता. कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो; अर्जलेखनात या भागात माझ्या तोडीचा इसम नाही. तरीही माझ्या 'नम्र विनंती'वर त्यांनी काट मारली. "विनंती कशापायी, भाऊ? पाणी आमचं, घाण त्यायची. मागणी लिवा."

अशक्य म्हणजे काय, हे त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन दाखवले. काचेच्या भांड्यात विहिरीचे लाल पाणी, त्याच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर तार. वीज सोडताच उघड्या हवेत, तारेपासून पाण्यापर्यंत, जांभळी ज्योत थरथरू लागली. "ह्यो प्लाझ्मा. वीज हवा फोडती, अन् ती फुटलेली हवा पाण्यातला रंग तोडती." हळूहळू पाणी नितळ झाले. मी पेला उचलताच हातावर फटका बसला. "रंग गेला, भाऊ. प्यायजोगं झालं असं कोण म्हणलं? तपासल्याबिगर थेंब न्हाई!"

अर्जासोबत दोन बाटल्या होत्या, एक लाल आणि एक नितळ. आवक लिपिक म्हणाला, "एकच घेतो." अर्जाची कच्ची प्रत आपल्याकडे ठेवून स्वच्छ प्रत दाखल करावी, हा माझा आयुष्यभराचा शिरस्ता. त्याच सवयीने मी नितळ बाटली दिली. उत्तर आले: 'सोबतचे पाणी स्वच्छ आढळले. तक्रार निकाली.'

मी मान खाली घातली. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "भाऊ, तुमी तर कारखान्याचे वकील झालाव की!" दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका लाल पाण्याच्या कळश्या घेऊन कचेरीच्या ओसरीवर बसल्या आणि बाईंनी प्रयोगशाळेतून आणलेले साधन कचेरीच्याच विजेवर लावून तिथेच ज्योत पेटवली. गलका ऐकून बाहेर आलेले कचेरीचे साहेब दोन पावले मागे सरले. "भेताव कशाला, साहेब? ही जाळीत न्हाई कुणाला, उघडं पाडती." त्या दिवशी तक्रार पुन्हा नोंदली गेली; तिथे नितळ झालेल्या पाण्याची बाटली मी जपून ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात बाई हृदयविकाराने गेल्या. तपासणी अद्याप 'प्रस्तावित' आहे. विहीर लालच आहे.

आजवर मी हजारो लोकांचे अर्ज लिहिले. परवा प्रथमच 'अर्जदार' या शब्दापुढे स्वतःचे नाव घातले. लिपिक म्हणाला, "बाई गेल्या ना आता? मग तुमाला काय पडलंय? अन् बाटली एकच घेईन."

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, लाल पुढे. मग खुर्ची ओढली आणि बसलो.