बियाण्याचं कोहळं

रिठद गावात दसरा ते दिवाळी लाल कोहळं चिरायचं, तर आधी बेबीताईला विचारायचं, अशी रीतच पडली होती. बाई देठ दाबायची, फळावर टिचकी मारायची आणि निकाल द्यायची. विहारात आश्विन पौर्णिमेच्या भोजनदानाला मोठं, पाणीदार, रस्सा धरणारं. रोजच्या भाजीला कवळं, नख रुतेल असं. आणि बोंडांना, म्हणजे गूळ-कणकेत कालवून तळायला, वेलावरच देठ वाळलेलं, आतून पोकळ वाजणारं. लखमीचंद शेठच्या दुकानावर टांगायचा पांढरा कोहळाही तीच निवडायची. "माह्या नजर-फिजरवर इस्वास नाई शेठ, पण फळ मजबूत हाय," असं तोंडावर सांगून.

एक फळ मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. कवळं असतानाच ती त्यावर नखानं चंद्रकोर ओढायची. फळ फुगलं की खूणही रुंदायची. ते बियाण्याचं. लग्नात आईनं पदरात बांधून दिलेल्या बियांचाच तो वंश. आई गेली, माहेरचं घर भावांनी वाटून घेतलं, आईचं म्हणून एवढंच उरलं. त्या बिया ती कुणालाच देत नसे. त्या बाबतीत बाई चिक्कूच होती. यंदा घरातल्या सगळ्या बिया पेरल्या आणि वेलाला टिकलं एकच फळ, तेच चंद्रकोरीचं.

त्यात मुलगी धम्मदीपाचं बाळंतपण आलं. बेबीताई वाशीमला निघाली आणि वेल सोपवला कुंपणापलीकडच्या निताला. फळाची पारख तिनं निताला पोटच्या पोरीसारखी शिकवली होती. दुसऱ्या कुणावर तिचा एवढा जीव नव्हता.

परतली तेव्हा वेल उचकटलेला, फळ गायब.

"रानडुकरं शिरली, ताई," निता पदरानं डोळे पुसत म्हणाली. "मी काय करू?"

बेबीताई तिथंच बसली. डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग आईच्या नावानं रडली. नितानं तांब्या भरून आणला, पाठीवरून हात फिरवत पाणी पाजलं.

दिवाळीला निताचा जावई पहिल्यांदाच आला. नितानं बेबीताईलाही फराळाला बोलावलं, ताटात बोंडं वाढली. बेबीताईनं एक खाल्लं, दुसरं घेतलं.

"काय गोड हाय वं! कुठून आणलं कोहळं?"

"बाजारातून."

"शिकली बरं तू," बेबीताई कौतुकानं म्हणाली. खरंच बरं वाटलं तिला.

हात धुवायला मागच्या अंगणात गेली. बकरीच्या टोपल्यात सालं पडली होती. एका सालीवर चंद्रकोर होती, तिच्याच नखाची.

ती साल घेऊनच चुलीपाशी आली. निताचा झारा कढईत थांबला.

"बिया कुठं हायेत?"

"पोरायनं भाजून खाल्ल्या, ताई." निता खाली बघत होती. "जवाई पयल्यांदा आला, नाक जाऊ नये म्हून... बोंडाले वेलावर वाळलेलं फळ पाह्यजे, हे तुमीच शिकवलं. मांगतलं असतं तर देलं असतं काय तुमी?"

"नसतं देलं," बेबीताई म्हणाली. "पण मी डुकरायले शिव्या देत होती, तवा तू मले पानी पाजलं, निता. आन आज मले माह्या मायच्या बियाचं फळ खाऊ घातलं. मी त्याले गोड हाय म्हनलं."

ती साल पदरात घालून घरी आली. बोंडाची चव तोंडातून जात नव्हती. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली.

पुढच्या आठवड्यात निताच्या विहीणबाई यायच्या होत्या. निता कोहळं घेऊन दारात उभी राहिली, मान खाली. "ताई, एवढं पाहून द्या. बोंडं करायची हायेत."

बेबीताईनं देठ दाबला. हिरवा होता, फळ आतून पाणचट निघणार होतं. कढईत बोंडं फुटली असती, चव गवताची लागली असती.

"ने," ती म्हणाली. "चांगली होतीन."

निताचा चेहरा खुलला. हिरवा देठ तिलाही दिसत होता, पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा अजूनही बेबीताईच्या बोटावर विश्वास होता. बेबीताईनं उभ्या जन्मात कुणाला चुकीचं फळ दिलं नव्हतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.