दाराजवळचा रिकामा बाक

भोकरमधली आमची लुथरन ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी घरं आणि पत्र्याचा एक हॉल. उपासनेला दार सताड उघडं ठेवायचं आणि दाराजवळचा बाक रिकामा सोडायचा, ही आमची जुनी रीत. देवाची कृपा कमवावी लागत नाही, मग येणाऱ्याला अडवणारे आपण कोण, असं पाळक सांगायचे. त्या बाकावर कुणीतरी नवं येऊन बसावं म्हणून दर रविवारी प्रार्थना व्हायची. कुणी आलं मात्र नाही.

मागच्या वर्षी एका गावात 'धर्म बाटवता' म्हणत उपासनेत लोक घुसले, आलेल्यांना मारहाण झाली, असं कानावर आलं. पुढच्या रविवारी आम्ही पहिल्यांदाच आतून कडी लावली. गाणीसुद्धा दबक्या आवाजात म्हटली. डोंबलाची उपासना ती!

तेवढ्यात दारावर थाप पडली. गाणं जागीच थांबलं. बाहेरून बाईचा आवाज आला, "आत येऊ का? पहिल्यांदाच आले."

पुन्हा थाप पडली, तरी कुणी कडी काढेना. बाईला पुढं करून मागं माणसं उभी असतील, असंच सगळ्यांना वाटलं. इतकी वर्षं जिच्यासाठी प्रार्थना केली, ती थाप थांबावी म्हणून मी आता देवाला विनवत होते.

शेवटी आई चिडली. "मंग बाक कुणासाठी ठिवलाय?" म्हणत तिनं कडी काढली.

दारात एकटीच बाई होती, पदर हनुवटीपर्यंत ओढलेली. ती झटकन आत आली, त्या बाकावर बसली आणि आईचा हात धरून म्हणाली, "माय, कडी लावा लवकर. कुणी बघंल."