मुंडी कोणाची?

कुणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर सांबराची शिंगं टांगलेली दिसली की मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची जागा शोधतो. घरच्यांना आता ही सवय ठाऊक झाली आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून-दरोड्यांची प्रकरणं पुसट झाली, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळले. पण सांबराच्या एका मादीच्या मुंडीचं प्रकरण काही केल्या पाठ सोडत नाही. त्याची वर्तमानपत्रात चार ओळींची बातमीही आली नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार होतो आणि नाशिकच्या पश्चिमेला, हरसूलच्या बाजूच्या एका डोंगरी ठाण्यावर माझी नेमणूक होती. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी आणि गळका मालखाना. चोऱ्यामाऱ्या फारशा नव्हत्या. बाजाराच्या दिवशी दारू पिऊन झालेल्या मारामाऱ्या, बांधावरची भांडणं आणि हरवलेले बैल, एवढंच काम. माझ्या हाताखालचे जमादार त्याच डोंगरातले, नोकरीत केस पिकलेले. मी कोरी खाकी घालून आलो तेव्हा त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, इथं घाई करून काय होत नाय." मला ते आळशी वाटले.

वन्यजीवांचा नवा कायदा येऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती. परवाना काढून ठरावीक जंगलात, ठरावीक हंगामात जनावर मारता येई. परवान्यावर सगळं लिहिलेलं असायचं: जनावर कोणतं, किती, कुठल्या जंगलात. सांबराचा परवाना म्हणजे एक नर. मादी नाही, पिल्लू नाही, छर्ऱ्याच्या बंदुकीने मोठं जनावर नाही. डोंगरातल्या काही शेतकऱ्यांकडे पीक राखायला ठासणीच्या बंदुका होत्या. वरून दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि डुकरांवर बार काढायचा. पीक राखायच्या त्या परवान्यावर सांबराची शिकार करता येत नसे.

दसरा होऊन गेला होता. सकाळी वनरक्षक सायकल दामटत ठाण्यात आला. त्याने खबर दिली, की एका पाड्यावर काल सांबर शिजलं. मादी होती, आणि गाभण होती. पाड्यावर ठासणीची एकच बंदूक आहे, ती एका म्हाताऱ्याकडे.

आम्ही दोन पंच घेऊन पाड्यावर गेलो. सांबर म्हाताऱ्याच्याच वावरात पडलं होतं, रक्ताचा डाग एकाच जागी होता. म्हाताऱ्याच्या घरी आढ्याला मुंडी टांगलेली सापडली. जमादार हळूच म्हणाले, "साहेब, आमच्याकडं रीत हाय. ज्याच्या गोळीनं जनावर पडलं, मुंडी त्याची. तो मान असतो. बाकीचं मांस घरटी वाटतात." त्यांना पुढे आणखी काही सांगायचं होतं, पण मी तोवर पंचनाम्याचा कागद काढला होता. मला हवं ते मिळालं होतं.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं आणि मी चौकशी केली. चौकशी कसली, पाच मिनिटांचं काम. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, अंगात बंडी, डोळे शांत.

"ही मुंडी तुझ्या घरात सापडली ना?"

"व्हय, साहेब."

"कोणाची आहे ती?"

"माझी."

"नीट विचार करून सांग. मुंडी तुझीच?"

"माझीच हाय, साहेब. पन त्या दिशी काय झालं..."

"विचारलं तेवढंच सांग," मी म्हणालो.

मी पंचनाम्यात लिहिलं, 'सदर इसमाने मुंडी आपलीच असल्याचे कबूल केले.' पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण बंदूक जप्त होती, मुंडी जप्त होती, प्रकरण सरळ होतं. बंदुकीला लेबल लावून ती मालखान्यात टाकली आणि म्हाताऱ्याला कोठडीत. त्याने जाताना एकच गोष्ट विचारली. "साहेब, बंदूक कधी मिळंल? नागली दाण्यात आलीय. डुकरं येत्यात." मी म्हणालो, कोर्ट ठरवेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यासमोर जीप थांबली. शहराजवळचे एक मोठे द्राक्ष बागाईतदार आणि त्यांचे दोन मित्र उतरले. बागाईतदार शिकारीचे शौकीन म्हणून जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होते. त्यांच्याकडे त्या हंगामाचा सांबराचा परवाना होता आणि तीनशेपंधराची रायफल. चोरट्या शिकाऱ्याला पकडलं हे ऐकून मुद्दाम अभिनंदन करायला आलो, असं म्हणाले. मी चहा मागवला. नवा फौजदार, मोठी माणसं दारात आलेली. छाती थोडी फुगलीच.

मग टेबलावर कोपरं टेकून त्यांचा वाद रंगला. एक मित्र म्हणाला, "सांबराला तीनशेपंधरा म्हणजे पोरखेळ. तीस-शून्य-सहा पाहिजे."

"हातात दम पाहिजे," बागाईतदार म्हणाले. "खांद्यामागे बसली तर तीनशेपंधराने जनावर जागेवर बसतं."

"एका परवान्याला एकच नर म्हणजे काय! दोन तरी द्यायला हवेत," दुसरा मित्र म्हणाला.

"नको," बागाईतदार म्हणाले. "मर्यादा हवीच. मर्यादा आहे म्हणून जंगलं टिकलीत. मादी मारायची नाही, हा तर साधा धर्म आहे. या ठासणीवाल्यांना मात्र मर्यादा नाही की काही नाही. फौजदारसाहेब, सगळ्यांचे परवाने काढून घ्या. छर्ऱ्याने सांबर पडत नसतं हो. जखमी होतं, दोन-दोन कोस पळतं आणि कुठेतरी झुडपात सडतं. पाप आहे ते."

मी मान डोलावत होतो. त्यांचं बोलणं मला पटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. जमादार दाराशी उभे होते. जीप गेल्यावर ते कपबशा उचलायला आत आले आणि एवढंच म्हणाले, "छर्ऱ्यानं सांबर पडत नाय म्हंतात साहेब लोक. मग हे वावरात जागेवर कसं पडलं?"

हा प्रश्न पोलीस म्हणून मला पडायला हवा होता.

संध्याकाळी म्हाताऱ्याची बायको भाकरी घेऊन आली, पाच कोस चालत. जमादारांनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि गावाकडच्या गप्पा काढल्या. पाऊस कसा झाला, सून कशी आहे. मग सहज विचारलं, "मावशी, मांस कापताना छर्रे किती निघाले? दाताखाली येत्यात ना?"

"छर्रे कुठले? खांद्यात एकच मोठं शिसं निघालं. मी ठोकून जाळ्याला बांधलं. शिसं कामाला येतं."

आम्ही तिला ठाण्याच्या जीपमध्ये बसवून पाड्यावर गेलो. पागोळीखाली मासे धरायचं जाळं वाळत होतं. काठाला बारीक दगड बांधलेले आणि त्यांच्यात एक चपटा, तांब्याच्या कवचाचा तुकडा. ठासणीच्या छर्ऱ्यांना तांब्याचं कवच नसतं, ते रायफलीच्या गोळीला असतं. बाईने दोरा ओवायला त्याला खिळ्याने भोक पाडलं होतं. मी पंचनामा करताना ती घाबरून विचारत होती, "जाळं न्याल का, साहेब?" जाळं ठेवलं. तेवढी अक्कल मला त्या दिवशी आली होती.

ठाण्यात परतलो आणि कोठडी उघडली. म्हाताऱ्याला बाहेर आणून बाकावर बसवलं. मी पहिल्यांदा त्याला 'बाबा' म्हणालो.

"बाबा, सांबर कोणी मारलं?"

"जीपवाल्या साहेबानं," त्याने लगेच सांगितलं. "आज दुपारी चहा प्यायला आलेला, तोच. माझ्या वावराच्या कडेला गवतात हललं म्हनून बार काढला. जवळ जाऊन बघतो तर मादी. शिंगं नाय. मग त्यानं हात बी लावला नाय. म्हनला, तुमीच खा, आन कुनाला सांगू नका."

"मग मुंडी तुमची कशी?"

"परका मानूस मुंडी सोडून गेला तर ज्याच्या वावरात जनावर पडलं त्याची. ते माझ्या नागलीत पडलं. मान नाकारता येत नाय, साहेब."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. "तुमी इचारलं मुंडी कोनाची. मारलं कोनी हे इचारलंच नाय."

जमादार खिडकीबाहेर बघत होते. पाड्यावर त्यांना रीतीचा हाच दुसरा भाग सांगायचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर नियमाने जे करायचं ते सगळं केलं. म्हाताऱ्याला सोडलं, त्याचं नाव आरोपपत्रातून वगळून त्याला साक्षीदार केलं. जंगलाच्या नाक्यावरच्या वहीत शिकारीच्या दिवशी एकाच जीपची नोंद होती, बागाईतदारांच्या. रायफल जप्त केली, गोळी तपासायला मुंबईला पाठवली. गोळी तीनशेपंधराचीच असल्याचा अहवाल आला. पण ठोकून ती इतकी चपटी झाली होती, की याच रायफलीची का, हे सांगता येत नव्हतं. बागाईतदारांनी मोठा वकील दिला. म्हाताऱ्याची ठासणीची बंदूक मुद्देमाल म्हणून अडकलीच. ती सोडावी म्हणून मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा निकालानंतर बघू, असं उत्तर आलं. त्या वर्षी डुकरांनी त्याची नागली आडवी केली. पुढच्या वर्षीही. दोन हंगाम घरातली माणसं डबे बडवत शेतात बसत होती, हे मला जमादारांकडून कळायचं.

साक्षीच्या दिवशी म्हातारा धुतलेली बंडी घालून एस.टी.ने नाशिकला आला. कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला समजावलं, "बाबा, वकील विचारतील मुंडी कोणाची. तुम्ही म्हणा, माझ्या घरी होती. एवढंच."

"माझ्या घरी व्हती, पन माझीच व्हती ना?"

"हो, पण तसं म्हणू नका."

"मग कोनाची म्हनू? दुसऱ्याची कशी म्हनू, साहेब? देवाची शपथ घालत्यात आत."

मी विषय तिथेच सोडला. पोलिसाने साक्षीदाराला याहून जास्त शिकवू नये, आणि मला तर तेवढंही शिकवायला नको होतं.

त्याने साक्ष चांगली दिली. जीप, गवत, बार, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मग बचावाचे वकील उठले. हातात माझाच पंचनामा होता. त्यांनी माझं वाक्य ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं आणि विचारलं, "मुंडी कोणाची?"

"माझी."

"तुमच्या रीतीप्रमाणे मुंडी कोणाला मिळते?"

"ज्याच्या गोळीनं जनावर पडलं त्याला. पन परका मानूस असंल तर..."

"विचारलं तेवढंच सांगा," वकील म्हणाले आणि खाली बसले.

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. ते शब्द माझे होते. सरकारी वकिलांपुढे त्या दिवशी फायलींचा ढीग होता. मी त्यांना आधी सगळी रीत सांगितली होती, त्यांनी ती अर्ध्या कानाने ऐकली होती. म्हाताऱ्याचं तुटलेलं उत्तर पुरं करून घ्यायला ते फेरतपासणीला उठलेच नाहीत. संशयाचा फायदा देऊन बागाईतदार सुटले. निकालपत्रात न्यायाधीशांनी मूळ तपासातल्या घाईवर दोन ओळी लिहिल्या. त्या दोन ओळी योग्य होत्या.

पुढच्या नोकरीत मी एक शिस्त पाळली. आरोपी असो की साक्षीदार, पहिल्यांदा त्याला बोलू द्यायचं, कागद नंतर काढायचा. कबुली म्हणजे काय कबूल केलं, हे त्याच्याच तोंडून दोनदा ऐकायचं. हाताखालच्या पोरांना मी हेच सांगत आलो. ऐकणारी थोडी, मान डोलावणारी फार. तरुणपणी मीही मान डोलावणाराच होतो, म्हणून कुणाला बोल लावत नाही. थकवा मात्र येतो. एक चुकीचा प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात, तो निस्तरायला दोन वर्षं, आणि तरी तो निस्तरतच नाही.

बंदूक सोडायचा हुकूम आला तेव्हा माझी बदली ठरली होती. मी मुद्दाम थांबून म्हाताऱ्याला बोलावलं. मालखान्याच्या गळतीने नळी गंजली होती, घोडा हलत नव्हता. त्याने ती धोतराच्या सोग्याने पुसली, नळीत डोळा लावून बघितलं आणि खांद्याला लावली. रजिस्टरमध्ये अंगठा उमटवून झाल्यावर त्याने विचारलं, "त्या साहेबाचं काय झालं?"

"सुटले, बाबा."

"मी कोर्टात खरंच सांगितलं व्हतं ना?"

"खरंच सांगितलं होतंत."

"मग?"

मी रजिस्टर मिटलं आणि त्याच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तो निघून गेला होता, बसची वेळ झाली होती.