कवळीमामांची वाटणी

षड्रिपूंची गणना करताना मत्सराचे नाव सर्वांत शेवटी घेतात. क्रोधाला निदान तेज असते, लोभाला उद्योग असतो. मत्सराविषयी मात्र आजवर कोणी बरा शब्द काढलेला नाही. तरी या उपेक्षित रिपूबद्दल एक गोष्ट आदराने नोंदवली पाहिजे: त्याला डोळस माणूस लागतो. ज्याला सुरातले काही कळत नाही, तो गवयाचा मत्सर करूच शकत नाही. फार तर त्याला मिळणाऱ्या टाळ्यांचा करील. दुसऱ्याच्या हातातले श्रेष्ठत्व ज्याला इतरांच्या आधी, आणि स्वतःच्या इच्छेविरुद्ध, दिसते, त्याच्याच अंतःकरणात हा अग्नी पेट घेतो. कवळीमामांच्या अंतःकरणात तो कित्येक वर्षे धुमसत होता.

कवळीमामा हे नाव त्यांना गल्लीने दिलेले. औषधांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेले की त्यांची दोन खोल्यांची लॅब लागे. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे तिथे पाठवीत आणि मामा त्यांवरून मेणात दात कोरून कवळ्या घडवीत. उत्तरेच्या खिडकीखाली त्यांचे मेज, मेजावर स्पिरिटचा दिवा आणि बोटभर लांबीच्या सुऱ्या. भिंतीशी काचेचे कपाट होते. त्यात मुठीएवढे, टणक मेणात कोरलेले सोळा दात मांडलेले असत. नवा डॉक्टर आला की लॅबचा हात दाखवण्यासाठी ठेवलेले ते नमुने. त्यांपैकी एकावरही कोरणाऱ्याचे नाव नव्हते. ‘काम लॅबचं असतं, माणसाचं नसतं,’ असा मामांचा दंडक होता. आणि लॅब मामांची होती.

धाकट्या बहिणीची मुलगी एकोणिसाव्या वर्षी या मेजाशी येऊन बसली, तेव्हा तिने सुरी डाव्या हातात धरली.

“डाव्या हातानं दाढ कोरणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही,” मामा म्हणाले.

“मग आता बघा,” भाची म्हणाली.

तेव्हापासून ती ‘डावरी’ झाली. मामांनी तिला हातचे काही न राखता शिकवले, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केले असते. पण तिसऱ्या वर्षी एका दुपारी तिने कोरलेली दाढ त्यांनी भिंगाखाली धरली, बराच वेळ धरली, आणि “ठीक आहे” म्हणून खाली ठेवली. त्या दिवशी मामांचा डबा न उघडताच घरी परत गेला. मामींनी तो उघडून पाहिला व विचारले, “आज काय बिनसलं?” मामा म्हणाले, “दात दुखतोय.”

तिला मेजाशी बसून बारा वर्षे झाली. डावरीला आणि तिच्या नवऱ्याला परदेशी कायम राहायला जाण्याची परवानगी मिळाली. निघायला सहा महिने होते. पण तिने ठरवले की नोकरीची तजवीज इथूनच करायची. एका वहीत तिने तिकडच्या लॅबची नावे उतरवली, कोण कसली माणसे घेते ते टिपले, आपली बारा वर्षे एका पानात बसवली आणि ते पान मामांपुढे ठेवले.

“एका पानात?” मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “मी शिकवलं ते कुठल्या पानावर आहे?”

“तिकडे एकच पान वाचतात, मामा.”

“आळशी दिसतात लोक.”

वीस वर्षांपूर्वी मामांनीही परदेशी लॅबचा असाच एक अर्ज आणला होता. त्या लॅबची अट होती, की परीक्षकांसमोर बसून एक दाढ कोरून दाखवायची. मामा गेले नाहीत. घरच्या जबाबदाऱ्या, असे त्यांनी चारचौघांत सांगितले. तो अर्ज लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात पडून होता आणि खरे कारण केवळ मामींना ठाऊक होते: कोणी बघत असले की मामांचा हात कापे.

मुलाखतीची तालीम मामांच्या घरी, चहाच्या वेळी चाले. मामी प्रश्न विचारीत, डावरी ताठ बसून उत्तरे देई.

“तुमची एखादी उणीव सांगा,” मामींनी वहीतून वाचले.

“सांग की,” मामा कोपऱ्यातून म्हणाले, “मोठ्यांचा मान ठेवता येत नाही म्हणून.”

“तुमची मुलाखत चाललेली नाही,” मामी म्हणाल्या. “चालली असती तर तुम्ही गेलाच नसता.”

मामांनी कप बशीत असा ठेवला की बशी दुभंगते की काय असे वाटावे. डावरी हसली नाही. ती म्हणाली, “मामा, एक काम आहे. मी स्वतः कोरलेल्या नमुन्यांचे फोटो हवेत त्यांना. आणि ते माझेच आहेत असं वरिष्ठांचं पत्र. तुमच्या सहीचं. पुढच्या सोमवारी मुलाखत आहे, त्याच्या आत पोचलं नाही तर ते मला बोलावणारच नाहीत.”

“बघू सवडीनं,” मामा म्हणाले.

सवड काही होईना. मंगळवारी लॅबचा शिक्का सापडेना, बुधवारी मामांचा चष्मा. गुरुवारी डॉक्टरांची घाई होती. “सरळ सांगा ना, पोटात दुखतंय म्हणून,” मामी म्हणाल्या. “पोरीचं विमान तुमच्या डोळ्यांसमोरून उडतंय ते बघवत नाही.” ते खरे होते, आणि खरे बोलणाऱ्या माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो एवढा विवेक मामांजवळ होता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी काचेचे कपाट उघडले आणि सोळाही दात मेजावर मांडले. “चल,” ते म्हणाले, “वाटणी करू. जे तुझं आहे ते तुला.”

एकेक दात उचलून ते निरखू लागले. दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसून पुसून त्या दातांवर अशी झिलई चढली होती, की कोणता कोणी कोरला हे आता नुसत्या नजरेला कळत नव्हते. पण चांगले काय ते मामांना कळत होते. या दाढेचे उंचवटे जिवंत, ही माझी. हा सुळा कसा सहज वळलाय, हा माझा. ह्या पटाशीच्या दाताची कड जड झाली, हा तिचा. अर्ध्या तासात उजवीकडे अकरा दात झाले आणि डावीकडे पाच.

“हे पाच तुझे,” मामा म्हणाले. “काढ फोटो.”

डावरीने पाचही उलटसुलट करून पाहिले. मोबाईल मेजावर पालथा ठेवला.

“ह्यांचे फोटो मी पाठवू शकत नाही, मामा.”

“का? कमी पडतात?”

“हे तुमचे आहेत.”

मामांनी भिंग उचलले. सुरी जिथे टेकते तिथे खाच खोल असते, जिथे उचलली जाते तिथे ती निमुळती होत संपते. आणि उजव्या हाताची खाच जिकडे निमुळती होते, डाव्या हाताची त्याच्या उलट दिशेला. हे त्यांनीच तिला शिकवले होते. त्यांनी पाचही दात पाहिले. मग अकरा पाहिले. मग पुन्हा पाच.

मत्सराने केलेला निवाडा निर्दोष होता. त्यात एकही चूक नव्हती. केवळ नावे उलटी लागली होती.

“बारा वर्षं बोलली का नाहीस?” त्यांनी विचारले.

“काम लॅबचं असतं म्हणालात ना.”

“आणि आज?”

“आज तिकडचे विचारतायत, ते माझं आहे का म्हणून.”

मामा उठले आणि जेवायची वेळ झाली नसताना जिना उतरून गेले. शनिवारी सकाळी लोखंडी कपाट उघडून त्यांनी शिक्का काढला. तो तिथेच, जुन्या अर्जावर, ठेवलेला होता. पत्र त्यांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले: ‘सोबतच्या छायाचित्रांतील अकरा नमुने माझ्या भाचीने एकटीने कोरलेले आहेत. त्यांत माझा हात नाही.’ कौतुकाचा एक शब्द त्यात नव्हता. डावरीने ते दोनदा वाचले आणि वाकून नमस्कार केला. “पुरे,” मामा म्हणाले, “फोटो काढ, उजेड जातोय.” तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

सोमवारी तिला कॅमेऱ्यासमोर दाढ कोरून दाखवायला सांगितले. मामा दाराशी, चित्रात येणार नाहीत असे, उभे होते. तिचा हात कापला नाही. तासाभरात दाढ तयार झाली, नोकरीही झाली, आणि मामांनी त्या दिवशीही डबा खाल्ला नाही.

ती गेल्यावर त्यांचा मत्सर निवाला, असे सांगितले तर ते असत्य होईल. वर्षभराने तिचा फोन आला, की चार माणसे तिच्या हाताखाली दिली आहेत. “तिकडे माणसांची टंचाई दिसते,” मामा म्हणाले; आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी ती बातमी सांगितली, दरवेळी कपाळाला आठी घालून. त्यानंतर सहा वर्षे ते त्याच खिडकीखाली दात कोरत राहिले. मग एका हिवाळ्यात, साध्या तापाने, गेले.

लॅब आता दुसऱ्याची आहे. काचेच्या कपाटात ते सोळा दात अजून आहेत. प्रत्येकाच्या बुडाशी एकेक चिठ्ठी चिकटवलेली आहे, सगळ्या मामांच्या अक्षरात. पाचांवर त्यांचे नाव आहे आणि अकरांवर भाचीचे.