उन्हात ठेवलेली शाई

पेंटरने शेवटचा ब्रश धुऊन ठेवला त्याला सहा वर्षं झाली, तरी गल्लीत त्याला पेंटरच म्हणायचे. बायकोसुद्धा. गोडीत असली की ‘अहो’, बिनसलं की ‘पेंटर’. पस्तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, मुंगी बसावी एवढ्या अक्षरांत, ‘पेंटर’ अशी सही ठोकली. मग छापील फ्लेक्स आले. दुकानदार एका दिवसात पाटी लावून मोकळे व्हायला लागले, आणि पेंटरची शिडी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बायकोच्या शिवणाच्या पिशव्या सांभाळू लागली.

त्याच खोलीत गेल्या वर्षी यूव्ही प्रिंटर आला. टेबलावर मावणारा, नारिंगी झाकणाचा. याची शाई हवेवर वाळत नाही, दिव्याने घट्ट होते. शाई फवारणाऱ्या हेडच्या शेजारीच एक जांभळा दिवा असतो. तो वरून फिरला की शाई जागच्या जागी टणक. मग लाकूड असो, काच असो, पत्रा असो. पहिल्या महिन्यात पेंटरने घरातली एक वस्तू सोडली नाही. चहाच्या डब्यावर ‘चहा’, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, बायकोच्या शिलाई मशीनच्या झाकणावर ‘शिलाई मशीन’.

“माझ्या कपाळावर ‘बायको’ छापायचं तेवढं राहिलंय,” ती म्हणाली. तेव्हा पेंटरने क्षणभर कपाळाच्या मापाचा विचार केला होता, असं ती अजून सांगते.

पण मोबाईलची कव्हरं आणि पेनांवरची नावं म्हणजे काही पाटी नव्हे. ते दुःख पेंटरच्या पोटात होतंच. म्हणून त्या मंगळवारी अंधांच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई पांढरी काठी टेकवत दारात आल्या, आणि “इथे पाट्या करतात ना?” असं म्हणाल्या, तेव्हा पेंटरने खुर्ची इतक्या जोरात ओढली की शिडीवरच्या दोन पिशव्या खाली आल्या.

बाई स्वतः जन्मापासून अंध. वाचनालयाची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या एकशेदहा दारांना ब्रेलच्या पाट्या हव्या होत्या. उठावदार ठिपक्यांच्या, बोटाने वाचायच्या. वर डोळसांसाठी साधी अक्षरं. “शनिवारी एक नमुना आणून द्या,” बाई म्हणाल्या. “बोटाला पटला, तर सगळी इमारत तुमची.”

“ठिपक्यांना खालून जरा सावली देऊ का, बाई? उठाव येतो.”

“सावली कोणासाठी, पेंटर?”

पेंटरने जीभ चावली. बाई मात्र मनापासून हसल्या, आणि पाट्यांवरच्या ब्रेल मजकुराची फाईल पेनड्राइव्हवर ठेवून गेल्या.

त्या दिवसापासून पेंटर जमिनीवर नव्हताच. एकशेदहा पाट्या! एका जागी एवढ्या पाट्या त्याने ऐन भरातही केल्या नव्हत्या. त्यातून हा प्रकारच नवा: करणाऱ्याला वाचता येत नाही, आणि वाचणारीला रंग दिसत नाही. तो ओट्याशी उभ्या बायकोला, दूधवाल्याला, फोनवर मुलीला तेच तेच सांगत सुटला.

अडचण एकच होती. ठिपके उठतात ते पारदर्शक शाईच्या थरांवर थर देऊन. या शाईला पेंटर आपल्या सवयीने वार्निश म्हणायचा. प्रिंटरबरोबर आलेलं कंपनीचं वार्निश तळाला गेलं होतं. जेमतेम एक पाटी निघेल एवढंच. आणि कंपनीच्या एका बाटलीच्या किमतीत गावातल्या प्रिंटरची शाई विकणाऱ्या टोनरवाल्याकडे बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी बनवलेल्या शाईच्या तीन येत होत्या.

घरात दोन पक्ष पडले.

“मी या शिलाई मशीनला कधी कंपनीचं तेल घातलंय?” बायको पायाने मशीन चालवता चालवता म्हणाली. “वीस वर्षं झाली. कुरकुरलंय कधी? तुमच्यापेक्षा कमीच कुरकुरतं.”

मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती फोनवरून म्हणाली, “बाबा, शिलाई मशीनला केसाहून बारीक भोकं नसतात. हेड तुंबलं तर नवीन घ्यावं लागेल, आणि बाहेरची शाई घातली म्हटल्यावर वॉरंटीवाले फोनसुद्धा उचलणार नाहीत.”

“आधी यंत्राबाहेर बघतो,” पेंटर म्हणाला. त्याचं डोकं आता भलतंच चालायला लागलं होतं.

बुधवारी तो टोनरवाल्याकडून बाहेरचं वार्निश घेऊन आला. चाचणीपुरतं थोडंसंच हवं म्हणून टोनरवाल्याने मोठ्या काळ्या कॅनमधून एका स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून दिलं. पेंटरने काचेच्या तुकड्यावर एक थेंब कंपनीचा आणि एक बाहेरचा टाकला, आणि तुकडा खिडकीत उन्हात धरला. उन्हातही या शाईला लागतो तो प्रकाश असतोच. थोड्या वेळाने त्याने दोन्ही थेंबांना नख लावलं आणि खोलीभर नाचला.

“अगं, दगड! दोन्हींचा दगड झालाय! हात लावून बघ!”

“हातात कापड आहे.”

“मग नाक लावून बघ!”

गुरुवारी सकाळी गारठा होता. पेंटर उठला, चूळ भरली, आणि पस्तीस वर्षं थंडीत रोज सकाळी जे केलं तेच केलं. गारठ्याने रंग घट्ट होतो, ब्रशला धरतो. म्हणून कामाला बसायच्या आधी डबा तासभर उन्हात ठेवायचा. हात आपोआप गेला. नव्या वार्निशाची बाटली, झाकण जरा सैल करून, खिडकीच्या कट्ट्यावर कोवळ्या उन्हात बसली. स्वतः पेंटर पाटीसाठी पत्रा कापायला मागच्या अंगणात गेला, तेही शीळ घालत.

ऊन चढल्यावर तो परत आला, तर बाटलीत वर साय धरलेली, आणि उन्हाकडच्या बाजूला काचेला जाडसर थर.

दुसरा कोणी असता तर थबकला असता. पण पेंटरला यात काहीच नवल वाटलं नाही. जुन्या रंगाच्या डब्यावर साय येतेच. ती काढायची, रंग फडक्यातून गाळायचा, की काम सुरू. त्याने बायकोच्या अस्तराच्या कापडाचा तुकडा उचलला, वार्निश निगुतीने गाळलं, गोळे बाजूला काढले, फडकं खिडकीच्या दांडीवर उन्हात टाकलं, आणि चहा पिऊन झाल्यावर नरसाळं घेऊन प्रिंटरची टाकी उघडली. कंपनीची शाई त्याने आधीच सिरिंजने काढून तिच्या काळ्या बाटलीत परत ठेवली होती. इतपत शहाणपण होतं.

नरसाळं टाकीला टेकलं, तोच बायको ओरडली.

“पेंटर! माझ्या कापडाचं काय केलंत हे?”

‘अहो’ नव्हे, ‘पेंटर’. त्याचा हात थांबला. बायकोने दांडीवरून फडकं काढून टेबलावर ठेवलं, आणि ते तंबूसारखं उभं राहिलं. सरळ उभं. कोपरासुद्धा वाकेना.

“भेसळ!” पेंटर कडाडला. “त्या टोनरवाल्याने फसवलंय मला! आत्ता जाऊन गचांडी धरतो त्याची!”

“त्याची कशाला? काल उन्हात थेंबाचा दगड झाला म्हणून या खोलीत कोण उड्या मारत होतं?”

पेंटरने फडक्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग काचेच्या बाटलीकडे. आणि मग हातातल्या नरसाळ्याकडे, ज्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता आणि ज्याच्या खाली केसाहून बारीक भोकांचं हेड वाट बघत होतं. त्याने नरसाळं दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसं, अलगद बाजूला केलं.

“दोष शाईचा नाही,” बायको म्हणाली. पक्ष तिचाच होता, पण आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. “आणि नवीन अस्तर तुम्ही आणायचं.”

फोनवर मुलगी पूर्ण एक मिनिट हसली. पेंटरने घड्याळ लावून मोजलं. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्ही बाहेरच्या शाईला नापास केलेलं नाही, उकडून काढलंय. आता नीट करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच पत्रा, तीच फाईल, तेवढेच थर. फक्त शाई वेगळी.”

“आणि बघणार कोण?”

“बघायचं कशाला? बाईंचं बोट आहे की.”

पेंटर पुन्हा हवेत गेला. त्याच दुपारी टोनरवाल्याकडून बाहेरचं वार्निश आणलं, या वेळी काळ्या बाटलीत आणि वर काळ्या पिशवीत. पिशवी तो छातीशी धरून सावलीसावलीने चालत आला. समोरच्या केशकर्तनवाल्याने विचारलं, “पेंटर, काय चोरलंत?”

शुक्रवारी सकाळी खिडक्यांना पडदे लागले. पहिली पाटी कंपनीच्या उरल्यासुरल्या शाईने निघाली. मग टाकी आणि तिच्यातून हेडकडे जाणारी नळी धुवायच्या द्रवाने दोनदा धुतली, कारण दोन शाया एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत हे मुलीने तीनदा बजावलं होतं. मग बाहेरची शाई, दुसरी पाटी. जांभळा दिवा फिरत होता, थरावर थर चढत होता, आणि पेंटर झाकणाशी नाक लावून “आला, आला, आला” म्हणत होता. दोन्ही पाट्या डोळ्यांना जुळ्या बहिणी. त्याने एकीच्या मागे खिळ्याने ओरखडा काढला, कंपनीची खूण म्हणून, आणि दोन्हींच्या उजव्या कोपऱ्यात रंगाने छापलेली आपली मुंगीएवढी सही पुन्हा पुन्हा बघून घेतली.

शनिवारी वाचनालयात बाईंनी पहिली पाटी समोर ओढली. पेंटरच्या पाट्या आजवर लोकांनी रस्त्यावरून, मान वर करून पाहिल्या होत्या. वीतभर अंतरावरून, असं बोट फिरवून कोणी तपासली नव्हती.

“वाचनकक्ष,” बाई म्हणाल्या. मग दुसरी. “वाचनकक्ष.” मग पुन्हा पहिली. नखाने एकेक ठिपका खरवडला. एकही हलला नाही, दोन्हींवर.

“पक्क्या दोन्ही आहेत. पण ही बोलते,” त्यांनी पहिलीवर टिचकी मारली. “ही दुसरी कुजबुजते. ठिपक्यांच्या कडा जरा बसल्यात, शेजाऱ्याच्या अंगावर रेलल्यासारख्या. मला वाचता आली, कारण मी चाळीस वर्षं वाचतेय. नव्याने शिकणारं पोर दारात अडकेल.”

पेंटरने पहिली पाटी उलटी केली. मागे ओरखडा होता.

“ही कंपनीच्या शाईची,” तो म्हणाला. “दुसरी बाहेरची. प्रिंटरचं माप कंपनीच्या शाईला बेतलेलं आहे, बाहेरची थोडी पातळ पडत असेल. शाई वाईट नाही, बाई. पण या यंत्रातून तुमच्या दारांना ती नको. मात्र कंपनीच्या शाईने पाटी महाग पडेल, ते आधीच सांगतो.”

“पडू दे. दारं कुजबुजायला लागली तर आम्ही आत कसे जाणार?”

पेंटरच्या जिवात जीव आला. एकशेदहा! तो उठायला लागला, तेवढ्यात बाईंचं बोट पाटीच्या उजव्या कोपऱ्यात थांबलं.

“इथे काहीतरी गुळगुळीत लागतंय. डाग पडलाय का?”

पेंटर कानापर्यंत लाल झाला. “डाग नाही, बाई. सही आहे माझी. सवय.”

“मग मला कशी कळायची? ठिपक्यांत करा,” बाई म्हणाल्या, आणि ब्रेलच्या टोच्याने कागदावर ‘पेंटर’ टोचून त्याला नमुना करून दिला.

कंपनीची नवी बाटली बुधवारी आली. बायकोने ती कपाटाच्या सगळ्यात अंधाऱ्या खणात ठेवली आणि खणाच्या दारावर, पेंटरच्याच प्रिंटरवर छापून घेतलेली पट्टी चिकटवली: ‘पेंटर, उन्हात ठेवाल तर याद राखा.’ बाहेरची शाई तिथेच शेजारी राहिली. दारांचं काम संपलं की नळी धुऊन ती मोबाईलच्या कव्हरांना लागणार होती. त्यांना कोणी बोटाने वाचत नाही.

पहिल्या दाराची पाटी निघाली. पेंटरने डोळे मिटले आणि कोपऱ्यातल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, पाचदा.

“आलंय का नीट?” शिलाई मशीन थांबवून बायकोने विचारलं.

“वाचता कुठे येतंय मला! पण बोलतंय मात्र मोठ्याने.”

“तुमच्यावरच गेलंय,” ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.