अर्ध्या घोड्याची लढाई

मल्हारीमामा फिरायला निघाले की काठी घेऊन निघत आणि भांडायला निघाले की काठी घरी ठेवून. आमच्या कॉलनीची रीत याच्या बरोबर उलटी होती, म्हणून माझ्या ते बरेच दिवस लक्षातच आलं नाही. एकदा रस्त्याच्या कामावरून ठेकेदाराशी वाजलं. आम्ही सगळे तावातावाने निघालो आणि मामा अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. घाबरले, असं आम्ही धरून चाललो. तर काठी दाराशी टेकवून ते पुन्हा आले. कारण विचारलं तर म्हणाले, "काठी हातात असली की मानूस डोस्कं वापरायचं इसरतं, मास्तर. दोन्ही संगं चालत नाय."

स्मरणिकेसाठी 'आपले शेजारी' या विषयावर लिहा, असं कॉलनीच्या कमिटीने मला सांगितलं. निम्म्या घरांत आता नवी माणसं आहेत, त्यांनी मामांना पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी लिहितो. जुन्यांसाठीही लिहितो, पण ते शेवटी कळेल.

पैठण रस्त्याच्या अलीकडे आपली कॉलनी उभी राहिली त्याआधी इथे माळ होता आणि त्यावर मामांची मेंढरं चरायची. घरभरणीला आले तेव्हा माझ्या हॉलभर नजर फिरवून ते म्हणाले, "लई चांगली जागा. इथं माज्या मेंढ्या रवंथ करत बसायच्या." माझ्या सासऱ्यांना ते फारसं आवडलं नाही. पुढे मेंढरं विकून मामा वाळूजला एका कारखान्यावर वॉचमन झाले. पण धनगराची चाल सुटली नाही: काठी दोन्ही खांद्यांवर आडवी, तिच्यावरून दोन्ही हात लोंबते टाकलेले, आणि नजर लांबवर, हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी.

त्यांची वस्ती आपल्या कॉलनीला लागून, उताराला. आपली कॉलनी आणि त्यांची वस्ती यांची पहिल्यापासून युती. विजेचा डीपी मिळून आणला, रस्ता मिळून करून घेतला, गणपतीही एकच. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो आणि कॉलनीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे या युतीला मी 'मैत्रीचा करार' म्हणायचो. मामा नुसतं 'सोबत' म्हणायचे.

अमेरिका इराकवर चालून गेली, त्या दुष्काळी वर्षाची ही गोष्ट. मामांच्या भावाचं चहाचं हॉटेल होतं. सकाळी तिथे मी पेपर मोठ्याने वाचायचो आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. पहिल्या पानावर चारा छावण्या असायच्या, त्यांना त्या ऐकायच्या नसत. "ते दिसतंय की डोळ्यानं. आतलं वाचा. ते मैतर कामून भांडायलेत?"

मी वर्गात सांगतो तसं सांगितलं, की अमेरिका, फ्रान्स ही मित्रराष्ट्रं आहेत, एकाच गटातली, पण इराककडे छुपी शस्त्रं आहेत असं अमेरिका म्हणते आणि फ्रान्स म्हणतो, आधी शोधू द्या.

"म्हंजी मेंढरू खरंच गेलंय का, ते बगा म्हनतोय. बरुबर हाय त्याचं."

"पण मामा, इतक्या वर्षांची दोस्ती. मित्राने मित्राच्या पाठीशी नको का उभं राहायला?"

मामांनी डोळे उघडले. "आमी पैठणच्या गंगेच्या काठाला मेंढरं न्यायचो तवा दोन वाडे, मान्सं-मेंढरं समदी, संगं निघायचे. आमचा आन् म्हाळू तात्याचा. एकदा तात्याचं कोकरू गेलं. त्याला वाटलं गावानं मारलं. म्हनला, काढा काठ्या. माजा बाप नाय म्हनला. आता तात्याला फुडं नगरकडं वळायचं व्हतं. आमाला परतून त्याच गावावरून यायचं व्हतं. ज्याला परतून यायचं असतं त्यो काठी उशिरा उचलतो, मास्तर."

तुर्कस्तानने अमेरिकेच्या फौजेला वाट दिली नाही हे वाचल्यावर तर ते खुशीत आले. "कशी देईल? आग शेजारी लागनार, धूर ह्याच्या घरात."

"मग इंग्रज का गेला बरोबर?"

"त्याला वाटलं असंल, बरुबर ऱ्हायलो तर हात धरून थांबवता येईल. पर पळत्या मानसाचा हात धरला की आपन बी पळाय लागतो."

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात माझं म्हणून सांगून टाकलं. माझ्या लबाड्यांतली ही सगळ्यात लहान.

मोठी आता सांगतो. त्या उन्हाळ्यात नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, तेही तासभर. लाइन आधी वरच्या कॉलनीत जायची, मग आपल्या आणि शेवटी मामांच्या वस्तीत. कोणीही नळाला मोटर लावून पाणी ओढायचं नाही, असा ठराव आपण केला. ठराव माझ्याच अक्षरात आहे. त्याच महिन्यात मी मोटर आणली. तहान होती असं म्हणणार नाही. अंगणात सिमेंटची नवी टाकी बांधली होती, ती भरलेली बघायची होती. मोटर न्हाणीघरात ठेवली, वरून दोन पोती आणि पोत्यांवर घमेलं. आवाज बाहेर येत नव्हता. वस्तीचे नळ मात्र कोरडे पडले आणि मामांच्या सुना हंडे घेऊन माळापलीकडच्या मळ्यावर जाऊ लागल्या.

बैठक बसली. पाणी जातंय कुठे, असं सगळे विचारू लागले आणि अध्यक्ष देशमुखांनी माझ्याकडे पाहिलं. सहजच पाहिलं असणार. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "वरच्या कॉलनीत छुपी मोटर आहे."

"कशावरून?"

"खात्रीलायक बातमी आहे."

पेपरातलंच वाक्य होतं ते. आठ दिवसांत एका मोटरीच्या पाच झाल्या आणि तिघांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या. रविवारी पहारी घेऊन वर जायचं ठरलं. वस्तीतले गडी सोबत हवेत म्हणून देशमुख आणि मी मामांकडे गेलो.

"मोटर पाह्यली का कुनी?" मामांनी विचारलं. विचारलं देशमुखांना, बघत होते माझ्याकडे.

"मास्तरांची पक्की बातमी आहे."

"मंग मास्तरांनी जावं. आमी येत नाय."

"मल्हारराव, डीपीच्या वेळी आम्ही तुमच्याबरोबर होतो."

"व्हय की. आन् काठ्या घरी ठेवून व्हतो, साहेब."

कॉलनी खवळली. हॉटेलातला चहा बंद झाला. आपल्या आणि वस्तीच्या मधल्या बोळाला सगळे मल्हारी गल्ली म्हणत. तिचं नाव 'स्वाभिमान मार्ग' करायचं ठरलं. पेंटर आणला, पण 'स्वाभि' लिहून होईपर्यंत डबा संपला आणि नव्या डब्याची वर्गणी कोणी दिली नाही. नव्या रहिवाशांना ते एखाद्या स्वाभी महाराजांचं नाव वाटतं. तसं नाही.

रविवारी सकाळी आम्ही चाळीसजण वर गेलो. घराघरांतली न्हाणीघरं तपासली. मोटर मिळाली नाही. देशमुखांनी एका घरातून कूलरचा पंप उचलून आणला आणि "हीच ती" म्हणून वर धरला. त्यावरून ढकलाढकली झाली, कोणाची तरी पहार मेन व्हॉल्व्हवर बसली आणि व्हॉल्व्ह तुटला. पाणी रस्त्यावरून वाहत गेलं. वरच्या कॉलनीतली पोरं त्यात मनसोक्त डुंबली. त्या दिवशी पाण्याने सुखी झालेले तेवढेच. नंतरचे नऊ दिवस कोणालाच थेंब नाही.

वस्तीत मचूळ पाण्याची एक जुनी विहीर होती, तळाशी थोडंसं पाणी असायचं. तिसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला, कळशा घेऊन या. आपल्या बायका माना खाली घालून गेल्या. मामा विहिरीपाशी उभे. स्वतःच्या सुनांना मागे थांबवून म्हणाले, "कॉलनीच्या बायांना आदी भरू द्या. त्यांना सवय नाय."

मी कसाबसा म्हणालो, "मामा, आम्ही बोळाचं नाव बदललं."

"पुरं तरी करायचं," ते म्हणाले. "आन् सोबत मोडली असं कोन म्हनलं? मी काठीला नाय म्हनलो व्हतो. सोबतीला नाय म्हनलो नव्हतो."

व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, पाणी सुटलं आणि मी पुन्हा मोटर लावली. हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली.

तासाभराने मामा अंगणात आले, फिरायला निघाल्यासारखे, काठी घेऊन. त्यांनी काठीचं एक टोक माझ्या नळाच्या पाइपवर टेकवलं आणि दुसरं माझ्या कानाशी धरलं. "ऐका."

लाकडातून बारीक गुणगुण येत होती. माझीच मोटर, थेट माझ्या कानात.

"अर्ध्या घोड्याच्या ताकदीची दिसती," मामा म्हणाले. "अर्ध्या घोड्यासाठी येवढी फौज नेली व्हय, मास्तर?"

"तुम्हाला कधीपासून…"

"बैठकीच्या आदीपासनं. आमच्या नळापासनं वर एकेक पाइप ऐकत आलो, तर आवाज हितं थांबला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुनाला सांगू? देशमुखाच्या हातात पहार. ती तुमच्या दारात आली असती. मंग मला तुमच्या बाजूनं उभं ऱ्हावं लागलं असतं. माज्या सुना डोक्यावर हंडे घेऊन जात्यात आन् मी मोटरीच्या बाजूनं उभा. बरं दिसलं असतं का?"

मी आत जाऊन बटण बंद केलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो. थोड्या वेळाने उताराकडून बायकांचा गलका ऐकू आला. आलं, आलं म्हणत होत्या. मामांनी काठी पुन्हा खांद्यावर आडवी टाकली. "बगा. अमेरिकेला येवढ्या लवकर कळत नाय," म्हणाले. "आता चहा सांगा."

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. चार वर्षांपूर्वी मामा गेले. शोकसभेत देशमुखांनी त्यांच्याबद्दल फार चांगलं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "फक्त एकदा, त्या पाण्याच्या लढाईत, मल्हाररावांनी आपल्याला सोडलं." पहिल्या रांगेत मामांची थोरली सून बसली होती. तिने खाली पाहिलं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं.

घसा बरा आहे. मामांनी आपल्याला सोडलं नव्हतं, माझ्या खोट्याबरोबर यायला तेवढा नकार दिला होता. मोटर माझ्या माळ्यावर आहे, दोन्ही पोत्यांसकट. ही स्मरणिका वाचून कोणाला ती बघायला यायचं असेल तर घरीच असतो. काठ्या आणल्या तरी चालतील. फक्त आधी कानाला लावून बघा.