सगळे मुलगेच

नव्वदचं दशक संपता संपता बारामतीत एस्टी स्टँडच्या मागं, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, मी आणि माझ्या एका मित्रानं जगाशी संपर्क साधला. म्हणजे साधायचा प्रयत्न केला. फोनची लाईन लागली तर मोडेम धरलेल्या कोंबडीसारखा ओरडायचा, आणि नाही लागली तर आम्ही दोघं खाली चहा प्यायला जायचो. चहा बराच झाला. आमची वेबसाइट लग्नं जमवायची होती. दोघंही पुण्यात कंप्युटरचा कोर्स करून आलेलो आणि दोघंही बिनलग्नाचे, त्यामुळे या विषयातला आमचा अधिकार मोठा होता.

लासुर्ण्याला घरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मुळीच पसंत नव्हतं. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती, मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि आता आबांनी साखर कारखान्यात माझ्यासाठी टाइमकीपरची जागा बोलून ठेवली होती. बरीच भांडणं झाल्यावर त्यांनी अट घातली.

"दिवाळीपातुर तुझ्या मशिनीनं एक लगीन जमवून दाखव. एकच. न्हाय जमलं तर गुमान कारखान्यात जायचं."

मला हसू आलं. आम्ही शेकड्यांच्या गोष्टी करत होतो आणि हा माणूस एकावर अडला होता.

जाहिरात दणक्यात केली. स्टँडसमोरची भिंत रंगवून घेतली: 'जगभरातील स्थळे. प्रत्येक निरोप घरपोच.' इंदापूरच्या आठवडी बाजारात जीपवर कर्णा लावून फिरलो. परिणाम झाला. मुलग्यांच्या माहितीचा पूर आला. डिप्लोमावाले, दुधाची गाडीवाले, 'नोकरी लागणार आहे'वाले. मुलगी मात्र एकही आली नाही. इंदापुरात एका डाळिंबवाल्या बागायतदारानं आमचं पत्रक उलटंसुलटं वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"जगभरातली कशाला? सकाळच्या एस्टीनं लेकीकडं जाऊन सांजच्या धारंला माघारी येता आलं पायजे."

खरी अडचण याहून जुनी होती. आमच्याकडं मुलीचा बाप आपणहून तोंड उघडत नाही. मधला माणूस गप्पांच्या ओघात विषय काढतो, जमलं तर जमलं, आणि मोडलं तर 'आमी कुठं इचारलं हुतं' म्हणायला सगळे मोकळे. ही सोय आमच्या वेबसाइटनं मुळासकट काढून टाकली होती. पत्रकात आम्ही तिला पारदर्शकता म्हटलं होतं.

अशात एक दिवस निरवांगीचे एक तात्या जिना चढून आले. पांढरा फेटा, हातात काठी, बोलणं कमी. त्यांना मुलगी आहे असं कळल्यावर आम्ही खुर्ची पुसली. त्यांनी कंप्युटरकडं पाहिलंच नाही. माझं गाव विचारलं, जमीन किती, पाणी कुठलं, मामाचं कूळ कोणतं. गिऱ्हाईक कंपनीची पत तपासतंय असं समजून मी सगळं उत्साहानं सांगितलं. दुसऱ्या वेळी ते भावकीतल्या दोघांना घेऊन आले. त्यांनी मला खालून पाणी आणायला पाठवलं, आणि मी जाताना-येताना तिघंही माझी चाल बघत होते. मित्र म्हणाला, मोठी पार्टी दिसतेय.

त्या रविवारी लासुर्ण्याला गेलो तर तात्या आमच्या अंगणात बाजेवर बसलेले.

"सोयरीक आलीया," आबा म्हणाले. "तुझ्या कंपनीतनंच." त्यांना इतकं खूश मी बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

तात्यांनी घसा खाकरला. "पोरगं निर्मळ हाय. फकस्त ते मशिनीचं खूळ सोडायचं आन् कारखान्यात चिकटायचं."

म्हणजे आमच्या कंपनीनं जमवलेलं पहिलं लग्न माझं होणार होतं, आणि त्यासाठी कंपनी बंद करायची होती. मी नाही म्हणणारच होतो. पण मुलगी बघायला गेलो आणि नाही म्हणायचं राहून गेलं. बारामतीच्या कॉलेजात शिकणारी, सावळी, थेट बघणारी. चालून दाखव, नाव सांग, सगळं झाल्यावर कुणीतरी रीत म्हणून तिला विचारलं, तुला काही विचारायचंय का. अशा वेळी मुली मान हलवतात.

"ते मशीन बघायचंय," ती म्हणाली. "बंद करायच्या आधी."

बाजाराच्या दिवशी तात्या तिला घेऊन आले. नशिबानं लाईन लागली. पान हळूहळू उघडत गेलं, आणि ती एकेक माहिती वाचत खालपर्यंत गेली.

"ह्यात एकबी पोरगी न्हाय व्हय?"

मी पारदर्शकतेबद्दल बोलायला लागलो.

"मग माझं घाला," ती म्हणाली.

"आगं, तुझं ठरलंय की," तात्या म्हणाले.

"ठरलंय कुठं? सुपारी कुठं फुटलीया आजून?"

तात्यांनी थोडा विचार केला. "घाला. माणसाला सांगितलं तर सांगितल्यासारखं हुतंय. मशीन काय कुणाला बोलतंय?"

साऱ्या जगाला दिसणारी गोष्ट त्यांना सगळ्यात झाकलेली वाटली, आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मी ती माहिती लिहिली. मुलग्यांच्या बाबतीत आम्ही दोन ओळींत उरकायचो. हिच्यासाठी मी अख्खं पान लिहिलं. ती हसताना आधी खाली बघते हेही लिहिलं. आयुष्यात तेवढं एकच पान मला चांगलं जमलं.

आठवडाभरात उत्तर आलं. मुलगा पुण्यात कंप्युटर कंपनीत, मूळ गाव निरवांगीहून सायकलीवर जाता येईल इतक्या अंतरावर. जवळच्या गावचं स्थळ तात्यांना कळायला साऱ्या जगातून फिरून यावं लागलं होतं.

"प्रिंट काढू नकोस," मित्र म्हणाला. "लाईन गेली म्हणू."

सोपं होतं ते. ती मला हवी होती, हे आज लपवण्यात अर्थ नाही. पण आमचं ते यंत्र आयुष्यात पहिल्यांदा चाललं होतं, आणि ते चाललं हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. शिवाय भिंतीवर घरपोच लिहिलं होतं. मी प्रिंट घडी घालून खिशात ठेवली आणि निरवांगीची एस्टी धरली. बोलणी झालेली आहेत, तात्या हसून कागद परत देतील, अशी मनाची समजूत घातली होती.

तात्यांनी मुलीकडून तो दोनदा वाचून घेतला.

"हा बी मशिनीवालाच हाय," मी सांगून पाहिलं.

"व्हय. पर ह्याला पगार हाय," तात्या म्हणाले. मग आबांचा विषय निघाला. "आमी तुमच्याकडं कुठं इचारलं हुतं? सहज बसाय आलतो."

ती दारात उभी होती. खाली बघून हसली की नुसतीच खाली बघत होती, मला ठरवता आलं नाही.

दिवाळीच्या आधी सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतर अक्षता पडल्या. मधला माणूस म्हणून भर मांडवात मला फेटा बांधला, नारळ दिला. आबा शेजारी जेवायला बसले होते. पानातलं सगळं संपवून त्यांनी माझ्या फेट्याकडं पाहिलं.

"लागलं बाबा एक लगीन," शेवटी म्हणाले. "चालू ठेव तुझं."

दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो. लग्न जमलं की माहिती काढून टाकायची हा आमचाच नियम, म्हणून तिचं पान काढलं. पुन्हा सगळे मुलगेच उरले. मग त्यांच्या खाली आणखी एक वाढवला. गाव लासुर्णे, धंदा स्वतःचा. दोन ओळींत उरकलं.